एकशे नऊ अंश अठ्ठावीस कला

दहावीच्या विज्ञानात कार्बनचा धडा आला की फळ्यावर मिथेनचे चित्र निघते. मध्ये कार्बनचे अक्षर, त्याच्या वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे हायड्रोजनची चार अक्षरे, आणि त्यांना जोडणाऱ्या चार रेघा. गणितातले अधिकचे चिन्हच म्हणा ना! फळा सपाट, वही सपाट, म्हणून चित्रही सपाट. तोच विद्यार्थी पुढे अकरावीला गेला की त्याला सांगण्यात येते की, बाबा रे, हे चित्र केवळ सोयीसाठी होते. मिथेनचा रेणू सपाट नाही आणि त्याच्या बंधांमधले कोन नव्वद अंशांचे नाहीत, ते १०९ अंश २८ कलांचे आहेत. अमोनियात हा कोन सुमारे १०७ अंश, पाण्यात १०४.५ अंश, आणि कर्बद्विप्राणिल वायूत, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमध्ये, सरळ १८० अंश. मुले हे आकडे पानिपतच्या सनावळीसारखे पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात.

मी इतिहासाचा एम.ए. रसायनशास्त्राशी माझा संबंध मुख्याध्यापक म्हणून प्रयोगशाळेच्या सामानाच्या बिलांवर सह्या करण्यापुरता. पण इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. कोणी काही ठामपणे सांगितले की, ‘हे तुम्हाला कसे कळले? पुरावा कोणता?’ असे तो विचारतो. पाण्याच्या एका थेंबात इतके रेणू असतात की एकावर एकवीस शून्ये मांडली तरी ते पुरे पडत नाहीत. त्यांतल्या एकाचा कोन, तोही अर्ध्या अंशापर्यंत, कोणी आणि कशाने मोजला? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा जो इतिहास हाती आला तो मला कुठल्याही तहाच्या किंवा लढाईच्या इतिहासाइतकाच चटकदार वाटला. विशेष म्हणजे या कथेतला मुख्य निकाल लागला तेव्हा मोजपट्टी नव्हती, सूक्ष्मदर्शकही नव्हता. हाती होती ती केवळ मोजणी, आणि तीही बोटांवर करता येईल अशी.

अणू लाकडी गोळ्यांनी दाखवायची पद्धत डाल्टनपासूनची, म्हणजे १८१० च्या आसपासची. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने क्रोके खेळाचे चेंडू रंगवून आणि सळ्यांनी जोडून रेणू दाखवले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. आज कुठल्याही शाळेच्या कपाटातली रेणूंची पेटी उघडा, रंग साधारण तेच निघतील. मात्र हॉफमनचे रेणू होते सपाटच, पाटावर मांडल्यासारखे. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना ‘कोण कोणाला जोडलेला आहे’ एवढ्यातच रस होता. ‘कुठल्या दिशेने’ हा प्रश्न त्यांना वायफळ वाटे, कारण त्याचे उत्तर मिळण्याचा काही मार्गच दिसत नव्हता.

मार्ग होता. तो असा.

मिथेनमधला एक हायड्रोजन काढून त्या जागी क्लोरीन बसवला तर एकच पदार्थ मिळतो, कुठलाही हायड्रोजन काढा. याचा अर्थ चारही जागा सारख्या आहेत. इथवर सपाट चौकोनही चालतो. आता दोन हायड्रोजन काढून दोन क्लोरीन बसवू. रेणू सपाट चौकोनी असेल तर दोन तऱ्हा संभवतात: क्लोरीन शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर किंवा समोरासमोरच्या. मग पदार्थही दोन मिळायला हवेत, दोन वेगळ्या उत्कलनबिंदूंचे. रसायनशास्त्रज्ञांना आजवर एकच मिळाला आहे. तर मग चार जागांची अशी मांडणी हवी की ज्यात कुठल्याही दोन जागा घ्या, त्या एकमेकींच्या शेजारीच असतील, ‘समोरची’ अशी जागाच नसेल. सपाट कागदावर हे जमत नाही. चार चेहऱ्यांच्या पिरॅमिडवर, म्हणजे चतुष्फलकावर, ते जमते. चारही चेहरे समभुज त्रिकोण, कार्बन मधोमध, आणि चार कोपऱ्यांवर चार अणू.

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा आकाशकंदिलाचेच उदाहरण घ्यावे. बांबूच्या कामट्यांचा साधा घनाकृती कंदील करा, आठ कोपऱ्यांचा. बरोबर मध्यभागी दिवा टांगा. आता वरच्या चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे आणि खालच्या चौकोनाचे दुसऱ्या तिरक्या रेषेवरचे दोन कोपरे घेऊन दिव्यापासून त्या चार कोपऱ्यांना दोरे बांधा. कुठल्याही दोन दोऱ्यांमधला कोन १०९ अंश २८ कलांचा भरेल. कंदील लहान असो वा मोठा, कोन तोच. मिथेनचा आकडा कुठल्या यंत्रातून आलेला नाही. चार जागा सारख्या असल्या आणि त्या अवकाशात चहूकडे समान पसरल्या की भूमितीला दुसरे उत्तरच उरत नाही.

पण १८७० च्या सुमारास खरी कोंडी झाली होती ती दह्यामुळे. आंबलेल्या दुधात जे आम्ल असते ते लॅक्टिक आम्ल. तेच आम्ल मांसातही सापडते. योहानेस विस्लिसेनस या जर्मन प्राध्यापकाने अनेक वर्षे खपून दाखवून दिले की दोन्हींतले अणू तेच, संख्या तीच, एकमेकांना जोडलेलेही त्याच क्रमाने. तरीही दोन्ही एक नाहीत. मांसातले आम्ल ध्रुवीकृत प्रकाशाचे प्रतल एका बाजूला वळवते, दुधातले वळवत नाही. १८७३ मध्ये विस्लिसेनसने लिहून टाकले की हा फरक अणूंच्या अवकाशातल्या मांडणीतच असला पाहिजे. ती मांडणी कोणती, हे मात्र त्याने सांगितले नाही.

याच्या पाव शतक आधी, १८४८ साली, पंचविशीतल्या लुई पाश्चरने याच कोड्याचा एक धागा हाती धरला होता. द्राक्षाच्या मद्याच्या पिंपांत तळाशी जो साका बसतो त्यातून टार्टारिक आम्ल मिळते. आपल्याकडे ते चिंचेत भरपूर असते. या आम्लाचे प्रकाश न वळवणारे एक भावंड होते. त्याच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहताना पाश्चरला दिसले की त्यांत दोन जाती मिसळलेल्या आहेत, एक दुसरीचे आरशातले प्रतिबिंब. त्याने ते चिमट्याने एकेक करून निवडले, तांदळातले खडे निवडावेत तसे, आणि वेगवेगळे पाण्यात विरघळवले. एकाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने तितकाच डावीकडे. स्फटिक विरघळून गेल्यावरही हा गुण टिकला, म्हणजे डावे-उजवेपण रेणूतच असले पाहिजे.

डावे-उजवे म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. उजव्या सोंडेचा गणपती आणि डाव्या सोंडेचा गणपती शेजारी ठेवा. तीच माती, तितकेच वजन, तेच अवयव. तरी मूर्ती कशीही फिरवली तरी एक दुसरी होत नाही. आरशात मात्र होते.

आता दोन्ही धागे जोडायला कोणीतरी हवा होता. जेकोबस हेन्रिकस व्हान्ट हॉफ हा हॉलंडमधला विद्यार्थी तेव्हा बावीस वर्षांचा होता, डॉक्टरेटही व्हायची होती. सप्टेंबर १८७४ मध्ये त्याने उट्रेख्टला डच भाषेत एक लहानशी पुस्तिका काढली. तिचे सार असे: कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात. त्या चार जागी चार वेगवेगळे गट असतील, तर त्यांची मांडणी दोनच प्रकारे होऊ शकते, एक उजवी आणि एक डावी. लॅक्टिक आम्लात एका कार्बनला हायड्रोजन, हायड्रॉक्सिल, मिथिल आणि कार्बॉक्सिल असे चार वेगळे गट आहेत. मांसातले आम्ल एकाच सोंडेचे, आणि आंबलेल्या दुधातल्या आम्लात दोन्ही सोंडांचे सारखे, म्हणून एकाचे वळण दुसऱ्याने पुसले जाते. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरात, ल बेल या फ्रेंच तरुणाने स्वतंत्रपणे हेच मांडले. दोघेही त्याच वर्षी पॅरिसला वुर्ट्झच्या प्रयोगशाळेत एकाच छपराखाली काम करीत होते आणि या विषयावर एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते! व्हान्ट हॉफने पुठ्ठ्याचे लहान लहान चतुष्फलक करून नामांकित रसायनशास्त्रज्ञांना पाठवले. त्यांतले काही लायडनच्या संग्रहालयात अजून जपून ठेवलेले आहेत.

त्यानंतर जे घडले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण वाटते. १८७७ मध्ये त्या पुस्तिकेचा जर्मन अवतार निघाला, त्याला विस्लिसेनसनेच पाठबळ दिले. तेव्हा व्हान्ट हॉफ उट्रेख्टच्या पशुवैद्यक शाळेत शिकवत होता. लाइप्झिगचा हेर्मान कोल्बे हा त्या काळचा दबदब्याचा प्राध्यापक, एका प्रतिष्ठित नियतकालिकाचा संपादक. त्याने आपल्या नियतकालिकात या तरुणावर तोफ डागली. गुरांच्या शाळेतल्या या मास्तराला चोख संशोधनात गोडी नाही, म्हणून हा शाळेच्या तबेल्यातला एक पंखांचा घोडा भाड्याने घेऊन आकाशात उडाला आणि अणू अवकाशात कसे बसलेत ते पाहून आला, अशा अर्थाची ती टर होती.

कोल्बेवर हसणे सोपे आहे. मला त्याच्या बोलण्याचे दोन भाग करावेसे वाटतात. ‘जे दिसत नाही त्याचे चित्र काढू नका’ हा त्याचा आग्रह चुकीचा ठरला तरी तुच्छ नव्हता. पुराव्याविना कल्पनेचे पतंग उडवणाऱ्यांना असा कोणी दम देणारा लागतोच. पण व्हान्ट हॉफच्या मोजणीचे काय? दोन क्लोरीनचा एकच पदार्थ का मिळतो? दोन लॅक्टिक आम्ले का? यावर कोल्बेकडे उत्तर नव्हते, म्हणून तो माणसाच्या नोकरीवर घसरला. विद्वत्तेत हे जुनेच दुखणे आहे. खेड्यातल्या शिक्षकाने काही लिहिले की आधी ‘हा कुठे असतो?’ हे विचारले जाते, ‘काय म्हणतो?’ हे मागाहून. सीमेवरच्या तालुक्यांत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना याचा अनुभव सांगायला नको.

व्हान्ट हॉफने शिवीला शिवी दिली नाही. १८७८ मध्ये आम्स्टरडॅमला प्राध्यापक म्हणून त्याने जे पहिले व्याख्यान दिले त्याचा विषय होता विज्ञानातील कल्पनाशक्ती. थोर वैज्ञानिकांची चरित्रे वाचून त्याने दाखवले की त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या ठायी कल्पनेचे बळ जबर होते. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले. गंमत अशी की ते चतुष्फलकासाठी नव्हते, रासायनिक गतिशास्त्र आणि द्रावणांचा परासरणदाब यांवरच्या कामासाठी होते.

याच शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात बाळाजी प्रभाकर मोडक रसायनशास्त्रावर मराठीतून पुस्तके लिहीत होते, हेही इथे नोंदवून ठेवतो. रसायनासाठी मराठी शब्द घडवणाऱ्या पहिल्या पिढीतले ते एक. शिवाय बहामनी राज्याचा इतिहासही त्यांनीच लिहिला, म्हणजे आमच्याच गोत्रातले.

शब्दांवरून आठवले. अणू, रेणू म्हटले की आपल्याकडे कोणीतरी हमखास उठतो आणि ‘हे सगळे कणादाने सांगून ठेवले आहे’ म्हणतो. वैशेषिकांनी परमाणू मानला, त्याचे परिमाण परिमंडल म्हणजे गोल मानले, दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक सांगितले. कवडशात नाचणारा धुलिकण म्हणजे त्र्यणुक, इतके नेमके उदाहरणही दिले. ही बुद्धीची झेप मोठी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. परंतु दोन क्लोरीनचे पदार्थ एक निघतात की दोन, हे त्यांनी तपासले नव्हते, आणि तपासायची साधनेही नव्हती. आकार ठरला तो या तपासणीने. अभिमानाने पुराव्याची जागा भरून निघत नाही, हे इतिहासाच्या तासाला सांगतो तेच विज्ञानालाही लागू आहे.

असो. प्रत्यक्ष पुरावा आला १९१३ साली. ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरण हिऱ्यातून पाठवून त्यातल्या अणूंच्या जागा काढल्या. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. प्रत्येक कार्बनभोवती चार कार्बन, चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर, कोन १०९ अंश २८ कला. पुठ्ठ्याचा खेळ एकोणचाळीस वर्षांनी दगडात सापडला! तोवर कोल्बे जाऊन जवळजवळ तीस वर्षे लोटली होती, आणि दोनच वर्षांपूर्वी व्हान्ट हॉफही गेला होता.

लहान वायुरूप रेणूंचे आकार दुसऱ्या वाटांनी कळले. एक वाट विजेची. ऑक्सिजन आपल्या जोडीदाराचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन कार्बनच्या दोन विरुद्ध बाजूंना असतील तर ती दोरीखेच बरोबरीत सुटेल आणि रेणूला विजेची दोन टोके उरणार नाहीत. प्रयोगात तसेच दिसते. पाण्याला मात्र अशी टोके स्पष्टपणे आहेत, म्हणजे पाण्याचा रेणू सरळ असूच शकत नाही, तो वाकडाच हवा. दुसरी वाट प्रकाशाची, आणि तिच्यात आपल्या सी. व्ही. रामन यांचा वाटा आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात रामन परिणाम हाती आला. रेणू मध्यबिंदूभोवती दोन्हीकडे सारखा असेल, तर त्याची जी कंपने अवरक्त प्रकाशात दिसतात ती रामनच्या वर्णपटात दिसत नाहीत, आणि जी तिथे दिसतात ती इथे नाहीत. कार्बन डायऑक्साइड ही परीक्षा उतरतो. त्याच वजनाचा नायट्रस ऑक्साइड उतरत नाही. तोही रेणू सरळच आहे, पण त्यात ऑक्सिजन मध्ये नसून एका टोकाला आहे. भोवरा कसा फिरतो यावरून त्याचा घाट ओळखावा, तसे वाफेतल्या पाण्याच्या रेणूच्या फिरण्यावरून, वर्णपटाच्या रेघांची अंतरे मोजून, १०४.५ हा आकडा निघाला.

हे कोन असे का, याचे सोपे उत्तर १९४० मध्ये ऑक्सफर्डचे सिजविक आणि पॉवेल यांनी सुचवले आणि १९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले गिलेस्पी आणि नायहोम यांनी नीट बसवले. मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींना दूर ढकलतात, आणि जितके लांब जाता येईल तितक्या लांब जातात. हे समजायला फुगे पुरतात. दोन फुगे फुगवून देठाशी बांधा, ते विरुद्ध दिशांना तोंडे करतात. तीन बांधा, १२० अंशांवर सपाट पसरतात. चार बांधा, आणि कोणी न सांगता चतुष्फलक तयार होतो. पाण्यातल्या ऑक्सिजनभोवती अशा चार जोड्या असतात, पण दोनच जोड्यांना हायड्रोजन बांधलेला. उरलेल्या दोन मोकळ्या जोड्या जास्त ऐसपैस बसतात आणि बांधलेल्यांना थोड्या आत रेटतात. गर्दीच्या बसमध्ये असे उतारू असतात! म्हणून १०९.५ चे १०४.५ होतात. अमोनियात मोकळी जोडी एकच, म्हणून १०७. हा ठोकताळा आहे, अंतिम सिद्धांत नव्हे. पाण्याचाच भाऊ हायड्रोजन सल्फाइड घ्या. त्याचा कोन ९२ अंश आहे, आणि तिथे हा ठोकताळा ‘कमी होईल’ इतके सांगतो, ‘किती’ ते सांगत नाही.

एवढ्याशा कोनाने काय बिघडते, असे कोणी विचारील. नाकाला विचारा. बाळंतशेपांचा वास आणि पुदिन्याचा वास कोणी एकमेकांत घोटाळणार नाही. दोहोंतला मुख्य वासाचा पदार्थ कार्व्होन हाच आहे. बाळंतशेपांत एका सोंडेचा, पुदिन्यात दुसऱ्या सोंडेचा, एवढाच काय तो फरक.

आणि पाणी. ते वाकडे आहे म्हणूनच त्याला विजेची दोन टोके आहेत, आणि टोके आहेत म्हणून ते मीठ विरघळवते. आमच्या कोरगावच्या परिसरातल्या खाजनांत खारे पाणी आत शिरते, आणि त्या खारटपणाला न जुमानणारे कोरगुट भात तिथे उगवते. पाण्याचा रेणू कार्बन डायऑक्साइडसारखा सरळ असता तर समुद्र खारा झाला नसता, बांध-मानशीचा हा खटाटोपही लागला नसता. मात्र तसले पाणी पिऊन जगायला आपणही नसतो.

रेणूचे थेट चित्र २००९ साली मिळाले. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत, टोकाला कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू लावलेल्या अतिसूक्ष्म सुईने पेंटासीन या रेणूवरून चाचपत जाऊन ते काढले. एका ओळीत पाच षट्कोन, मधमाशीच्या पोळ्यासारखे स्वच्छ. कोल्बेच्या लेखानंतर १३२ वर्षांनी. आश्चर्य वाटते ते याचे की त्या चित्राने रसायनशास्त्राच्या पुस्तकातला एकही आकार बदलावा लागला नाही.

एक गोष्ट राहिली. वर्गात हे सगळे सांगितले की मुले विचारतात, ‘सर, मग मिठाच्या रेणूचा आकार कसला?’ पेडण्याच्या मुलांनी हा प्रश्न विचारणे साहजिकच आहे, मिठागरे आगरवाड्याला, हाकेच्या अंतरावर. उत्तर असे की मिठाला रेणूच नाही. ब्रॅग यांनी १९१३ मध्येच हे दाखवले. पण बुजुर्ग इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांना ते अखेरपर्यंत पटले नाही. १९२७ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांनी बिचाऱ्या मिठाची बाजू घेऊन संतप्त पत्र लिहिले. सोडियम आणि क्लोरीन बुद्धिबळाच्या पटासारखे आळीपाळीने मांडलेत, जोडपी म्हणून नाहीतच, ही कल्पना त्यांना सामान्य अकलेचा अपमान वाटली. आगरात मे महिन्यात उन्हाने पाणी आटल्यावर जे जाडे मीठ ओढतात त्यातला एक चांगला खडा उचलून भिंगाखाली धरावा. कडा सरळ, कोपरे काटकोनात, लहानसा घनच. आत प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, खड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला कोन बरोबर नव्वद अंश.